पदवी हातात पडताना विद्यार्थ्याला काय यायला हवं, हे कागदावर नेमकं कसं मांडायचं?

कच्चा_मसुदा

नमस्कार. अर्थशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं याची वाक्यं, नव्याने लिहायच्या आहेत. एकूण २४ पेपर आहेत: १६ अनिवार्य, ८ ऐच्छिक. प्रत्येक पेपर शिकवणाऱ्याने आपापली वाक्यं दिली, ती एकत्र केली आणि यादी ४१ वर गेली. नमुना बघा:

"समष्टी अर्थशास्त्राच्या मूलभूत संकल्पना समजतील."
"चिकित्सक विचारक्षमता विकसित होईल."
"आर्थिक प्रश्नांबद्दल सामाजिक भान येईल."

वाचायला बरं वाटतं. पण यातलं एखादं वाक्य एखाद्या विद्यार्थ्याच्या बाबतीत खरं ठरलं की नाही, हे कसं सांगायचं, यावर अभ्यास मंडळात कुणाकडेच उत्तर नाही. प्रश्न असे:

पदवीच्या पातळीवर किती निष्पत्ती असाव्यात? पहिल्या वर्षाची अपेक्षा आणि शेवटच्या वर्षाची अपेक्षा वेगळी कशी लिहायची? क्रियापदांच्या तयार याद्या वापरायच्या का? आणि कुठली निष्पत्ती कुठल्या पेपरात घडते, हे ठरवायची खात्रीची पद्धत कोणती?

---

उलटमोजणी

आधी ४१ वाक्यं बाजूला ठेवा. ती दुरुस्त करत बसलात तर सहा महिन्यांनी हातात ३८ वाक्यं असतील.

पेपरच्या निष्पत्ती एकत्र केल्या की पदवीची निष्पत्ती तयार होत नाही. दिशा उलटी हवी. शेवटच्या सत्रात विद्यार्थी जे सर्वात अवघड काम स्वतः करतो तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे पहिल्या सत्रापर्यंत यायचं.

त्यासाठी दीड तासाची एक बैठक पुरते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प अहवालांतले सहा निवडा. तीन असे की ज्यांच्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, "हा खरा पदवीधर". तीन काठावरचे, जेमतेम उत्तीर्ण. नावं झाका. प्रत्येकाने पहिली ४० मिनिटं ते चाळायचे आणि एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: पहिल्या तिघांनी असं काय केलंय जे दुसऱ्या तिघांनी केलेलं नाही? उरलेला वेळ या नोंदी एकत्र लावायला.

नोंदी साधारण अशा निघतात. चालू किमतींची आकडेवारी स्थिर किमतींत आणली आहे, म्हणजे महागाईचा परिणाम वगळला आहे. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकामुळे दुसरी वाढली, असं धरलेलं नाही. मधल्या काळात मोजण्याची व्याख्या बदलली होती, ते लक्षात आलंय. आपल्या मताविरुद्ध जाणारा एक तरी आकडा लपवलेला नाही. या नोंदी हाच निष्पत्तीचा कच्चा माल. यातून "चिकित्सक विचारक्षमता विकसित होईल" याची जागा घेणारं वाक्य असं तयार होतं:

"प्रकाशित आकडेवारीच्या आधारे एका आर्थिक प्रश्नावर लेखी विश्लेषण करू शकतील, त्यात आकडेवारीच्या मर्यादा सांगतील, किमान एक पर्यायी स्पष्टीकरण तपासतील आणि पुरावा जिथवर जातो तिथवरच निष्कर्ष नेतील."

हे वाक्य वाचल्यावर कुठलं काम मागवायचं आणि त्यात काय शोधायचं, दोन्ही कळतं. कुठल्याही निष्पत्तीला हाच एक प्रश्न विचारा: ही आली आहे हे दाखवणारी, हातात धरता येईल अशी वस्तू कोणती? अहवाल, सोडवलेलं गणित, तोंडी परीक्षा, काहीही चालेल. वस्तू सुचत नसेल तर वाक्य अजून तयार झालेलं नाही.

"समजतील", "जाणीव होईल", "ओळख होईल" ही क्रियापदं इथेच गळतात. समजणं महत्त्वाचं आहेच, पण ते बाहेरून दिसत नाही. समजल्यामुळे विद्यार्थी जे करू लागतो, ते लिहायचं.

संख्या: पदवीसाठी आठ ते दहा. बारापलीकडे गेलात तर शिकवणाऱ्यालाही ती यादी पाठ राहत नाही, आणि जी डोक्यात नाही तिच्याप्रमाणे कुणी शिकवत नाही. एका पेपरसाठी चार ते सहा.

---

तीन_पायऱ्या

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पातळीच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मसुदे तिथेच पडतात.

शिकण्याच्या पातळ्यांची ब्लूम यांची वर्गवारी १९५६ ची. अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ती २००१ मध्ये सुधारली: आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तिच्यावरून बनलेल्या क्रियापदांच्या याद्या सगळीकडे फिरतात, आणि त्यातून एक वाईट सवय लागते: पहिल्या वर्षाला "सांगतील", दुसऱ्याला "विश्लेषण करतील", तिसऱ्याला "मूल्यमापन करतील" असं चिकटवून पातळी बदलली असं मानायचं. क्रियापद एकटं पातळी ठरवत नाही. शाळकरी मुलगाही दोन जाहिरातींचं मूल्यमापन करतो. याद्या शब्द सुचण्यापुरत्या जवळ ठेवा.

पातळी चार गोष्टींनी ठरते: प्रश्न किती मोकळा आहे, माहिती दिलेली आहे की शोधायची आहे, पद्धत सांगितली आहे की निवडायची आहे, आणि मदत किती मिळते. मागणीची लवचिकता घेऊ, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते.

पहिलं वर्ष. किंमत २० वरून २२ झाली, मागणी १०० वरून ९४ झाली. लवचिकता काढा. किंमत १० टक्के वाढली, मागणी ६ टक्के घटली, उत्तर वजा ०.६. विक्रीचं उत्पन्न २००० वरून २०६८ झालं, म्हणजे मागणी कमी होऊनही उत्पन्न वाढलं. ते का, हे दोन ओळींत लिहा. इथे सगळं दिलेलं आहे, पद्धत ठरलेली आहे.

दुसरं वर्ष. तीन वर्षांची मासिक विक्री आणि किंमत दिली आहे. त्याच काळात लोकांचं उत्पन्न बदललं, पर्यायी वस्तूची किंमत बदलली, सणासुदीचे महिने आले. यातलं काय वेगळं काढायचं, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. माहिती दिलेली, पद्धत अर्धवट दिलेली.

तिसरं वर्ष. फक्त प्रश्न: बसभाडं वाढवलं तर बससेवेचं उत्पन्न वाढेल का? आकडेवारी विद्यार्थ्याने शोधायची, पद्धत त्याने निवडायची. त्याच्या लक्षात यायला हवं की भाडेवाढीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली लवचिकता आणि काही वर्षांनंतरची लवचिकता वेगळी असते, कारण लोकांना दुसरं वाहन घ्यायला, कामाची किंवा राहण्याची जागा बदलायला वेळ लागतो. आणि उत्तर एका आकड्यात न देता, किती ते किती या टप्प्यात द्यायला हवं.

तिन्ही ठिकाणी क्रियापद "विश्लेषण करतील" हेच ठेवलं तरी पातळी स्वच्छ वेगळी दिसते. म्हणून निष्पत्तीच्या वाक्यात परिस्थिती लिहा: "दिलेल्या आकडेवारीवरून", "मार्गदर्शनाखाली", "स्वतः निवडलेल्या प्रश्नावर".

उत्तराची प्रत तपासायची असेल तर बिग्ज आणि कॉलिस यांची १९८२ ची सोलो वर्गवारी जास्त कामाची. ती पाहते की विद्यार्थ्याने एकच मुद्दा पकडला, अनेक मुद्दे सुटे सुटे मांडले, त्यांचा परस्परसंबंध लावला, की तो संबंध नव्या परिस्थितीत नेला. पदवीची रेषा तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी येते. मुद्दे सुटे सुटे मांडणारं लांबलचक उत्तर पानं भरतं म्हणून भरपूर गुण घेऊन जातं, आणि पदवीपर्यंत तसंच चालतं. तुमच्या उत्तरपत्रिकांत हे आधी तपासा.

तयार चौकट हवी असेल तर दोन बघण्यासारख्या आहेत. युरोपातली डब्लिन वर्णनं, म्हणजे पदवीधराला काय यायला हवं याची वर्णनं, २००४ ची: ज्ञान व आकलन, त्यांचं उपयोजन, निर्णयक्षमता, संवाद, आणि पुढे स्वतः शिकत राहण्याची क्षमता. दुसरी अमेरिकेतली, ल्युमिना फाउंडेशनने २०११ मध्ये आणलेली आणि २०१४ मध्ये सुधारलेली पदवी-अर्हतेची रूपरेषा. तिची पाच क्षेत्रं: विषयाचं विशेष ज्ञान, व्यापक व एकात्म ज्ञान, बौद्धिक कौशल्यं, उपयोजित व सहकार्याने होणारं शिक्षण, नागरी व जागतिक शिक्षण. तिथे पदवीच्या खालची, पदवीची आणि पदव्युत्तर अशा तीन पातळ्यांवर तीच क्षमता शेजारी शेजारी मांडली आहे. त्यामुळे पातळी कशी चढते हे वाचतानाच दिसतं. दोन्ही चौकटी आपलं काही सुटलं का, हे पाहायला वापरा. तिथली वाक्यं जशीच्या तशी उचललीत तर अर्थशास्त्राची निष्पत्ती आणि रसायनशास्त्राची निष्पत्ती सारखीच दिसायला लागेल.

---

चौकोन_मोजणारा

कुठली निष्पत्ती कुठल्या पेपरात, यासाठी तक्ता. आडव्या ओळींत निष्पत्ती, उभ्या रकान्यांत पेपर. तुमचे २४ पेपर आणि समजा ९ निष्पत्ती, म्हणजे २१६ चौकोन. प्रत्येक भरलेल्या चौकोनात तीनपैकी एक खूण:

ओ – ओळख. शिकवलं जातं, छोटा स्वाध्याय होतो.
स – सराव. विद्यार्थी करतो, चुका दाखवून परत मिळतं, पुन्हा करतो.
प्र – प्रभुत्व. मदतीविना करतो, आणि ते स्वतंत्रपणे तपासलं जातं.

तक्ता सगळ्यांकडे भरायला पाठवला की १७०-१८० खुणा परत येतात, कारण आपल्या पेपरात "संवादकौशल्य नाही" असं लिहायला कुणालाच आवडत नाही. असा तक्ता निरुपयोगी. दोन नियम आधी घाला. एका पेपरला जास्तीत जास्त तीन खुणा. आणि खूण करायची असेल तर त्या पेपरातलं ते काम जोडायचं: स्वाध्याय क्रमांक, प्रश्न क्रमांक, गुण. काम नसेल तर खूण नाही, वर्गात त्या विषयावर कितीही बोललं गेलं असलं तरी. खुणा साठच्या आसपास आल्या की तक्ता बोलायला लागतो.

मग ओळी वाचा. प्रत्येक निष्पत्तीला किमान एक ओ, दोन स आणि एक प्र हवा, आणि त्याच क्रमाने. नेहमी सापडणारे दोष तीन. पहिल्या वर्षात ओ, मग थेट शेवटच्या प्रकल्पात प्र, मधे सराव कुठेच नाही. लेखनाची ओळ जवळजवळ नेहमी अशीच निघते, आणि मग "मुलांना लिहिता येत नाही" अशी तक्रार होते. दुसरा, पाच ठिकाणी ओ. तेच प्राथमिक सांख्यिकी पाच पेपरांत पुन्हा पुन्हा, पुढे कुणीच नेत नाही. तिसरा, प्र आहे पण ऐच्छिक पेपरात.

तिसरा दोष सर्वात घातक. तो पकडायला सोप्या वाटेची चाचणी करा. लेखन आणि आकडेमोड टाळायची ठरवून आठ ऐच्छिक पेपर निवडणारा एक काल्पनिक विद्यार्थी घ्या आणि फक्त त्याच्या २४ पेपरांचा तक्ता पुन्हा काढा. त्याच्या ओळींत जिथे प्र नाही, ती निष्पत्ती तुमच्या पदवीची नाही. एक तर तिचं प्रभुत्व अनिवार्य पेपरात आणा, नाहीतर यादीतून काढा.

आता तासांचा हिशोब, कारण निष्पत्ती लिहिताना तो कुणी करत नाही. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक, म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण १५०० ते १८०० तास. एका श्रेयांकाला २५ ते ३०. यात वर्ग, वाचन, स्वाध्याय, परीक्षेची तयारी सगळं येतं. १० श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे २५० ते ३०० तास. तेवढं काम खरंच होतंय का, ते बघा. शिक्षकाच्या बाजूनेही मोजा. ६० विद्यार्थी, प्रत्येकी दोन कच्चे मसुदे, एका मसुद्याला शेरे लिहायला ४० मिनिटं: ४८०० मिनिटं, म्हणजे ८० तास. हे ८० तास कुणाच्या वेळापत्रकात धरले नसतील तर "स" ही खूण कागदावरच राहील.

---

कच्चा_मसुदा

खूप उपयोग झाला. सोप्या वाटेची चाचणी घरीच करून पाहिली; आकडेवारी हाताळण्याची निष्पत्ती आमच्याकडे चक्क ऐच्छिक निघाली.

तीन वाक्यं नव्याने लिहिली आहेत, निर्दयपणे तपासा:

अ) आर्थिक प्रश्नाला लागू पडणारं मॉडेल निवडतील, त्यातली गृहीतकं सांगतील आणि एखादं गृहीतक टिकलं नाही तर निष्कर्ष कसा बदलेल ते दाखवतील.
ब) आकडेवारीचं विश्लेषण करतील, आलेख काढतील, अहवाल लिहितील आणि सादरीकरण करतील.
क) आर्थिक निष्कर्ष सामान्य माणसाला समजावून सांगतील.

आणखी दोन गोष्टी. "६० टक्के विद्यार्थ्यांना ६० टक्के गुण मिळाले म्हणजे निष्पत्ती साध्य" असं सूत्र सुचवलं गेलंय. ते धरावं का? दुसरं, मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचा या सगळ्यालाच विरोध आहे. त्यांचं म्हणणं, जे मोजता येतं तेवढंच शिक्षण उरेल. त्यांना काय उत्तर द्यावं?

---

रकाना_आणि_रुब्रिक

आधी वाक्यं.

अ चांगलं आहे, तसंच ठेवा. तीन क्रिया आहेत, पण त्या एकाच कामाच्या कड्या आहेत आणि एकाच उत्तरात दिसतात.

ब मध्ये चार स्वतंत्र क्षमता एकत्र बांधल्या आहेत. आलेख उत्तम आणि अहवाल गचाळ असेल तर निष्पत्ती आली की नाही? उत्तर देता येत नाही, म्हणून फोडा. विश्लेषण आणि आलेख एकीकडे, अहवाल दुसरीकडे. सादरीकरण खरंच पदवीची अट म्हणून हवंय का, ते ठरवा. सवयीने घातलं असेल तर गाळा.

क चा हेतू छान, पण श्रोता धूसर आहे. असं करा: "अर्थशास्त्र न शिकलेल्या वाचकासाठी ८०० शब्दांचं टिपण लिहितील, ज्यात पारिभाषिक शब्द एक तर टाळलेले असतील किंवा जागच्या जागी उलगडलेले असतील." तपासायची पद्धतही सोपी: दुसऱ्या विभागातल्या वाचकाने टिपण वाचून निष्कर्ष आपल्या शब्दांत तीन ओळींत लिहायचा. तो चुकला तर दोष टिपणाचा.

६० टक्क्यांच्या सूत्राबद्दल: एकूण गुणांवर अजिबात लावू नका. समजा पेपर १०० गुणांचा. ७० गुण व्याख्या, आकृत्या आणि टिपांना. ३० गुण अनोळखी आकडेवारीच्या विश्लेषणाला. एका विद्यार्थ्याला पहिल्या भागात ५६ आणि दुसऱ्यात ४. बेरीज ६०. सूत्र म्हणतं, विश्लेषणाची निष्पत्ती साध्य. प्रत्यक्षात ती ३० पैकी ४ वर आहे. म्हणून गुण प्रश्नवार नोंदवा आणि निष्पत्तीशी जोडलेल्या प्रश्नांचेच मोजा. नंतर पेपरांची सरासरी, सरासरीची सरासरी आणि शेवटी "२.३७" असा आकडा काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. त्या दशांशाने कुणाला काय शिकवायचं राहिलं हे कळत नाही.

प्रभुत्वाच्या पातळीवर रुब्रिक लागतं, म्हणजे निकष आणि त्यांच्या पातळ्या मांडणारा तपासणीचा तक्ता. चार निकष, प्रत्येकाच्या चार पातळ्या, सगळं एका पानावर. प्रत्येक पातळीचं वर्णन दिसणाऱ्या खुणांत हवं. "उत्तम / चांगलं / बरं / असमाधानकारक" हे रुब्रिक नव्हे, ती गुणांचीच दुसरी नावं झाली. उदाहरणार्थ "पुराव्याचा वापर" हा निकष:

१ – आकडे दिले आहेत, पण दाव्याशी जोडलेले नाहीत.
२ – दाव्याला आधार देणारे आकडेच निवडले आहेत.
३ – विरोधी आकडेही दिले आहेत आणि फरक का पडला याची चर्चा आहे.
४ – आकडे कसे गोळा झाले त्यावरून त्यांची विश्वासार्हता तोलली आहे आणि निष्कर्ष त्याप्रमाणे आवरला आहे.

अमेरिकेतल्या महाविद्यालयं-विद्यापीठांच्या संघटनेची व्हॅल्यू रुब्रिकं याच चार पायऱ्यांची आहेत. नमुना म्हणून बघा, मग आपल्या विषयाच्या भाषेत लिहा.

तपासणीची पद्धत. सगळ्यांचं सगळं तपासायची गरज नाही. एका वर्षी दोन किंवा तीनच निष्पत्ती घ्या. प्रत्येकीसाठी २५-३० कामं चिठ्ठ्या टाकून निवडा. आधी दीड तास सगळ्या तपासनिसांनी तीच तीन कामं वेगवेगळी तपासायची आणि जिथे दोन पातळ्यांचा फरक पडतो तिथेच चर्चा करायची. ही बैठक वगळली की रुब्रिक असूनही प्रत्येक जण आपल्या जुन्या सवयीनेच गुण देतो. मग प्रत्येक काम दोघांकडे. एका पातळीचा फरक चालवून घ्या, दोन पातळ्यांचा पडला तर तिसरा वाचक. ३० कामं, दोन वाचक, २० मिनिटं धरली तर एकूण २० तास. पाच जणांत वाटले तर माणशी चार.

दोन सावधगिरी. गटप्रकल्प हा एकट्याच्या निष्पत्तीचा पुरावा होत नाही. त्यात प्रत्येकाचा स्वतंत्र भाग किंवा स्वतंत्र प्रश्नोत्तरं हवीत. आणि एआय साधनांमुळे घरी लिहिलेला अहवाल आता एकटा पुरत नाही. प्रत्येक प्रकल्पाला १०-१२ मिनिटांची तोंडी परीक्षा जोडा आणि अहवालाच्या आत घुसणारे प्रश्न विचारा: ही दोन वर्षं का वगळली? दुसरा किंमत निर्देशांक घेतला असता तर आलेख कुठे वळला असता? ज्याने काम केलंय तो अडखळत का होईना, उत्तरापर्यंत पोचतो.

एक राहिलं. उत्तीर्णतेचे नियमही वाचा. बेरजेवर उत्तीर्ण करत असाल तर एका निष्पत्तीतलं शून्य दुसरीतल्या गुणांनी भरून निघतं. कुठल्या दोन-तीन निष्पत्तींमध्ये ही भरपाई चालणार नाही, हे आताच ठरवा आणि तिथे स्वतंत्र किमान रेषा लावा. पुनर्परीक्षेची सोयही त्याच वेळी लिहा, नाहीतर पहिल्याच वर्षी ती रेषा गुपचूप उठवली जाते.

---

विरुद्ध_बाजू

त्या ज्येष्ठ सदस्यांची बाजू इथे मांडायला हवी, कारण त्यांची भीती निराधार नाही.

पदवीच्या मागण्या तीन प्रकारच्या असतात आणि या धाग्यावर एकाचीच चर्चा झाली. एक, निष्पत्ती: काय करता यायला हवं. दोन, आशय: काय माहीत असायला हवं. तीन, अनुभव: काय केलेलं, वाचलेलं, पाहिलेलं असायला हवं. तिन्हींना निष्पत्तीच्या साच्यात कोंबलं की वाक्यं खोटी होतात.

आशयापासून सुरू करतो. "चिकित्सक विचार" ही विषयाविना हवेत तरंगणारी क्षमता नाही. राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजतात हे तपशिलात ठाऊक नसलेला विद्यार्थी त्या आकडेवारीबद्दल चिकित्सक विचार करूच शकत नाही. फार तर शंका घेतल्याचा आव आणतो. म्हणून निष्पत्तींच्या यादीसोबत एका पानाची आशयाची यादी ठेवा: हे २५-३० विषय आणि साधनं कुठल्याही वाटेने गेलं तरी सुटता कामा नयेत. तिथे "माहीत असेल" हे क्रियापद बिनधास्त वापरा. ब्रिटनमध्ये विषयवार मापदंडांची निवेदनं असतात; आशय आणि क्षमता दोन्ही सांगतात, आणि तरी अभ्यासक्रम हुकमाने ठरवत नाहीत.

अनुभव. एक जाड, अवघड ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं. स्वतः प्रश्नावली घेऊन अनोळखी माणसांना भेटणं आणि उत्तरं किती गोंधळाची असतात ते पाहणं. जे मत पटत नाही त्याच्या बाजूने युक्तिवाद तयार करणं. यांतून विद्यार्थ्यात नेमकं काय बदलेल, हे आधी लिहिता येत नाही आणि लिहू नये. "सामाजिक भान येईल" हे वाक्य फेकून देण्याऐवजी अनुभवाच्या यादीत असं आणा: "किमान ४० तासांचं क्षेत्रकार्य आणि त्याची दैनंदिनी". झालं की नाही, एवढंच तपासायचं. भानाला गुण देऊ नका. गुण दिले की विद्यार्थी भान असल्याचं लिहायला शिकतात.

उलटमोजणी यांच्या सहा अहवालांच्या पद्धतीला एक पुरवणी. त्या अहवालांत तुम्ही आधीपासून जे शिकवता तेच दिसणार. जे कुणीच शिकवत नाही, म्हणजे कच्ची, विस्कळीत आकडेवारी साफ करणं वगैरे, ते चांगल्या अहवालातही नसेल. त्यासाठी बाहेर विचारावं लागतं. पदवीधराला कुठल्या क्षमता हव्यात हे ठरवण्यासाठी २००० साली युरोपात सुरू झालेल्या ट्यूनिंग प्रकल्पाने पदवीधर, नोकरी देणारे आणि शिक्षक अशा तिघांनाही प्रश्न विचारले होते. तुम्हीही पदवी घेऊन तीन ते पाच वर्षं झालेल्या दहा-बारा जणांना विचारा: कामाच्या पहिल्या वर्षी कुठे अडलात? नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांना विचारू नका, त्यांना अजून अडायला वेळ मिळालेला नसतो. नोकरी देणाऱ्यांनाही विचारा, पण ते ज्या सॉफ्टवेअरचं नाव घेतील ते निष्पत्तीत लिहू नका. सॉफ्टवेअर पेपरच्या पातळीवर बदलता येतं. पदवीची निष्पत्ती निदान एका तुकडीच्या पूर्ण मुदतीपर्यंत टिकली पाहिजे.

---

उलटमोजणी

विरुद्ध_बाजू यांची पुरवणी पूर्ण मान्य. सहा अहवाल आणि बाहेरची दहा-बारा माणसं, दोन्ही करा. तीन याद्यांची विभागणीही माझ्या सुरुवातीच्या सांगण्यापेक्षा चांगली आहे. ४१ पैकी निम्मी वाक्यं आशयाच्या यादीत जागच्या जागी बसतील, आणि ज्यांनी ती दिली त्यांना आपलं काही कापलं गेलं असंही वाटणार नाही.

---

कच्चा_मसुदा

तिन्ही याद्या वेगळ्या करायला घेतल्या. शेवटचा व्यवहाराचा प्रश्न: हे लागू कधीपासून आणि कुणाला? सध्या दुसऱ्या वर्षात असलेल्यांचं काय?

---

चौकोन_मोजणारा

नव्या निष्पत्ती फक्त नव्याने प्रवेश घेणाऱ्या तुकडीला. जे आत आहेत त्यांच्यासाठी जुना दस्तऐवज तसाच लागू. दोन्हींवर वर्ष आणि आवृत्ती क्रमांक छापा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीत त्याची आवृत्ती कोणती ते लिहा. सराव मात्र सगळ्यांना देता येतो. दुसऱ्या वर्षातल्यांना जास्तीचे मसुदे तपासून मिळाले तर त्यात कुठला नियम आड येत नाही.

पहिल्या वर्षी तीन निष्पत्तींचाच तक्ता पूर्ण करा: आकडेवारी, लेखी विश्लेषण, आणि तुमचं अ वाक्य. उरलेल्या पुढच्या दोन वर्षांत. म्हणजे नवी तुकडी शेवटच्या सत्रात पोचेल तोवर रुब्रिकं दोनदा वापरून झालेली असतील. आणि निष्पत्तींचं एक पान पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या हातात द्या, सोबत एका चांगल्या जुन्या अहवालाची नाव झाकलेली प्रत. नुसत्या वाक्यांपेक्षा त्या अहवालावरून त्यांना जास्त कळतं.